व्हीपीएन, लोडशेडिंग आणि काकूची नजर

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट आहे.

पुण्याच्या कंपनीनं मला जाफराबादेतून घरूनच काम करू द्यायचं कबूल केलं, पण आज अकराच्या आत व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी, जोडलं तरच. घरचा कॉम्प्युटर सगळ्यांचा, म्हणून कंपनीच्या कामापुरतं त्यात मी वेगळं व्हर्च्युअल मशीन केलंय, म्हणजे एका खिडकीत चालणारा कॉम्प्युटरातला दुसरा कॉम्प्युटर. कंपनीकडून आज आलेलं सर्टिफिकेट, म्हणजे जोडणीसाठीचं डिजिटल ओळखपत्र, त्यात टाकलं, तर व्हीपीएन ते घेईचना. दहा वेळा तपासलं. शेवटी साहेबांना मेल केला, 'सर्टिफिकेटमध्येच चूक आहे.'

मला घरीच लिहायला-वाचायला शिकवणारी माझी काकू मागं उभी होती. म्हणाली, "अगं, हे आतल्या खिडकीतलं घड्याळ कालची तारीख दाखवून राह्यलं. बराबर हाय का ते?"

काल लोडशेडिंगच्या आधी मी मशीन जसंच्या तसं थांबवून ठेवलं होतं. त्याच्यासाठी आजचा दिवस उजाडलाच नव्हता, मग आजपासून लागू होणारं सर्टिफिकेट चालणार कसं! घड्याळ लावलं आणि पावणेअकराला व्हीपीएन जोडलं गेलं.

मी उड्याच मारणार होते. काकू म्हणाली, "नाचशील मंग. पहिलं साहेबांना कळव, चूक आपली होती म्हणून."

कळवलं, काकूच्या नावासकट. तुमच्या घरात अशी नजर कोणाची आहे?