आडनाव नसलेला शाहीर

कॉलेजच्या लायब्ररीतला तो माणूस बोलायचं असलं की कानामागची पेन्सिल काढतो, बोलून झालं की परत खोचतो. आमच्या सायखेड्याचा शाहीर मागं वारला. त्याचं नाव कुठल्या पुस्तकात सापडतं का, हे बघायला मी चार सोमवार एसटीनं नाशिकला गेलो. दर खेपेला याचं एकच, "बाबा, आडनाव सांगा. लेखक आडनावावरून लागतात."

"शाहिराला आडनाव कशाला? आख्खा तालुका नुसत्या नावानं ओळखायचा."

"तालुका ओळखेल. कपाट नाही ओळखत."

तरी जाडजाड कोश काढून तो स्वतःच पानं धुंडायचा. मी दुसरीतून शाळा सोडलेला. पुस्तक त्यानं माझ्यापुढं कधी सरकवलं नाही, मीही मागितलं नाही.

चौथ्या सोमवारीही काही निघालं नाही. "तुमची पुस्तकंच अर्धवट," मी म्हणालो. त्यानं पुस्तकांच्या यादीचं एक कोरं कार्ड घेतलं, शाहिराची गाणी माझ्याकडून म्हणवून घेतली आणि पहिल्या ओळी उतरवल्या. आडनावापाशी जरा थांबला, मग लिहून मला वाचून दाखवलं: सायखेडेकर.

जन्मात गाव न सोडलेल्या माणसाला गावात कुणी असं म्हणत नाही. तेच सांगायला मी तोंड उघडलं. पण तो कार्ड लेखकांच्या खणात लावत होता. मी तोंड मिटलं.