खालच्या मजल्यावरची रमी

१४ डिसेंबर, रविवार. दुपारी बाल्कनीत मेथी निवडत बसले होते. खालच्या बाल्कनीतून माझ्या मुलीचा आवाज आला, "आंटी, पत्ता डालो, शाम हो जाएगी." मग हसणं. माझा हात थांबला.

मुलगी तेवीस वर्षांची आहे. महाराणा प्रताप नगरातल्या एका कोचिंग क्लाससाठी घरी बसून गणिताचे पेपर काढते. तिची गणितं तिथल्या सरांनाही दोनदा वाचावी लागतात. माणसांशी मात्र तिचं जमत नाही. डॉक्टर, दुकानदार, नातेवाईक, सगळ्यांना तिच्या वतीनं उत्तरं मीच देत आले. तिच्या मनातलं फक्त मला कळतं, असं मी चारचौघांत सांगायचे, आणि सांगताना बरं वाटायचं.

खालच्या बाई निवृत्त नर्स आहेत. महिन्याभरापूर्वी त्यांना रमीला चौथी हवी होती, म्हणून तिला घेऊन गेल्या. पडलेला प्रत्येक पत्ता तिच्या लक्षात राहतो, त्यामुळे सारखी तीच जिंकते. घरी आम्ही याच कारणानं तिच्याशी खेळणं सोडलं होतं. बाईंनी सोडलं नाही. त्यांनी तिला सांगितलं, "जीतती है तो चिढ़ा भी. मुँह में दही जमा के बैठेगी तो कौन खेलेगा?" हेही मला भाजीच्या गाडीपाशी बाईंकडूनच कळलं, मुलीकडून नाही.

मेथी तशीच ठेवली आणि वाटीभर चटणीचं निमित्त करून खाली गेले. डाव रंगात होता. मी खुर्ची ओढली आणि मुलगी गप्प झाली.

बाई उठल्या. "चाय सब पियेंगे?"

"ये चाय नहीं पीती," मी म्हणाले.

"अच्छा? फिर महीने भर से मेरी अदरक कौन खत्म कर रहा है?"

बाकीच्या दोघी हसल्या. मुलगी पत्त्यांकडेच बघत म्हणाली, "आई, मी इथे घेते चहा."

काम आहे म्हणून मी वर आले. जिना संपेपर्यंत खाली पुन्हा गलका सुरू झाला होता. इतकी वर्षं राबले मी, आणि हसू त्यांच्या वाट्याला. त्या पैसे लावून खेळत असत्या तर बरं झालं असतं, असं मनापासून वाटलं. म्हणजे जाणं बंद करता आलं असतं. लावत नव्हत्या. तरीही मी नको म्हटलं असतं तर मुलीनं ऐकलं असतं. तेच तर अवघड होतं. आणि माझ्या येण्यानं ती मिटली, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूरहून नणंदेचा फोन आला. तिच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. "आमची भाची येणार ना गं?" तिनं विचारलं. नाही, तिला गर्दी सोसत नाही, हे अगदी ओठांवर आलं होतं.

"तिलाच विचारा वन्सं," म्हणत मी फोन मुलीच्या हातात दिला, धुतलेल्या कपड्यांची बादली उचलली आणि गच्चीवर गेले. जाताना दार ओढून घेतलं, नाहीतर मी मध्ये बोलले असते.