निजामपुऱ्यातली गुलाबी बरणी

मोबाइलवर ‘मीनाताई’ असं नाव उमटलं आणि पलीकडून कुणी काही बोलायच्या आत मी सुरू झालो, “ताई, आत्ताच बघून आलो. बरणी मजेत आहे. गुलाबी, एकदम गुलाबी!” पण पलीकडून ज्योत्स्नाबेनचा आवाज आला. त्या ताईच्या शेजारीण. सकाळी हॉस्पिटलात ताईजवळ त्याच बसायच्या. “श्रीकांतभाई…” त्या म्हणाल्या, “बेन तो गयां.” माझी आतेबहीण गेल्याची बातमी आली तेव्हा मी हे असं बोलत होतो. शिवाय ते खोटं होतं. मी काही बघूनबिघून आलो नव्हतो, वासण्याला माझ्या घरी पोहे खात बसलो होतो. आणि बरणी गुलाबी असली तरी मजेत मुळीच नव्हती. तिच्यातल्या समस्त प्रजेला मी माझ्या हाताने मारून अडीच आठवडे उलटले होते.

मीनाताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. बडोद्यातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची आणि उरलेलं आयुष्य तिने मिठात राहणाऱ्या जंतूंना देऊन टाकलं होतं. लग्न केलं नाही. आमच्या घरातल्या बायका तो विषय काढायच्या, “एकटीला घर खायला उठत नाही का गं?” तर खिडकीतल्या बरणीकडे बोट करून म्हणायची, “एकटी कुठे? त्यातल्या एका थेंबात अख्खं बडोदं मावेल.” बरणी काचेची, जुनी, लोणच्याची. तिच्यात गुलाबी पाणी. एका काकांनी एकदा कोकम सरबत समजून ग्लास पुढे केला होता. ताई शांतपणे म्हणाली, “ओतते, पण समुद्राच्या सात-आठपट खारट आहे. चालेल ने?”

ती बरणी आमच्या लग्नाइतकीच जुनी. लग्नाला जेमतेम आठवडा झाला असेल, ताई मला आणि वैशालीला ‘दर्या दाखवते’ म्हणून खंभातकडे घेऊन गेली. दर्या कसला… मैलोन् मैल मिठागरं. वर ऊन, खाली पांढरं मीठ आणि मधल्या चौकोनी वाफ्यांतून गुलाबी पाणी. मी लग्नातले नवे बूट सांभाळत जीपमध्येच बसून राहिलो. वैशाली मात्र साडी खोचून ताईच्या मागोमाग त्या पाण्यात उतरली. “ताई, यात रंग कुणी टाकला?” तिने विचारलं. ताई खूश झाली. ओंजळीने बरणीत पाणी भरत म्हणाली, “टाकला नाही गं, हा यांचा स्वतःचा रंग. हे सगळं जिवंत आहे. आपण लोणच्यात मीठ घालतो ते जंतू वाढू नयेत म्हणून. यांचं उलटं. मीठ कमी झालं की यांना मरण. साध्या पाण्यात पडले तर फुटून जातात बिचारे.” हे वाक्य मी जीपमधून नीट ऐकलं होतं. आज असं म्हणायची सोय नाही, की मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर आमचे संसार आपापल्या वाटेने गेले. माझा वासणा ते ताईचा निजामपुरा हे काही काशी-रामेश्वर नव्हे, स्कूटरवरून अर्धा-पाऊण तास. पण मी भाऊबीजेला जायचो, ओवाळून झालं की घड्याळ बघायचो. ताई म्हणायची, “शांतीथी बस ने, श्री. आत्ताच तर आलास.” मी म्हणायचो, “पुढच्या रविवारी निवांत येतो.” तो पुढचा रविवार बहुतेक पुढच्या भाऊबीजेलाच उगवायचा.

यंदा तिच्या किडन्या थकल्या. हॉस्पिटलात डॉक्टरांनी मीठ बंद केलं, तर म्हणाली, “बघ, जन्मभर ज्याच्यावर जगले तेच तोडलं.” आणि घराची किल्ली माझ्या हातात दिली. “तुळशीला आणि मनीप्लांटला पाणी घालत जा. बरणीला हात लावू नकोस. तिला फक्त ऊन पुरतं.” मी एका रसायनांच्या कारखान्यात तीस वर्षं सुरक्षा विभागात आहे. कशाला हात लावू नये, याच्या पाट्या मीच लावत फिरतो. तरीही एका रविवारी दुपारी मला त्या बरणीची दया आली. पाणी निम्म्याहून खाली गेलेलं, तळाला आणि काचेला मिठाचे जाड पोपडे. मला वाटलं, ताई घरी येईल तर घर लख्ख दिसावं. गुलाबी पाणी मगमध्ये काढलं. पोपडे चमच्याने खरवडले. बरणी साबणाने घासली. मगमधलं पाणी परत ओतलं आणि वरून फिल्टरचं शुद्ध पाणी गळ्यापर्यंत भरलं. खरवडलेलं मीठ मनीप्लांटच्या कुंडीत टाकलं, वाया कशाला घालवा म्हणून. दोन दिवसांनी गेलो तर बरणीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ, आणि मनीप्लांटने माना टाकलेल्या. गोड्या पाण्याने खाऱ्यातले मारले आणि खाऱ्याने गोड्यातला… एवढी सफाई मला कारखान्यात कधी साधली नव्हती.

त्या संध्याकाळी कबूल करायचं ठरवूनच हॉस्पिटलात गेलो. तिने पहिलाच प्रश्न विचारला, “बरणी कशी आहे?” तिचा चेहरा सुजलेला, हाताला सुई लावलेली… मी म्हणालो, “मस्त आहे.” मग रोज तेच. कामावरून सुटलो की थेट तिच्याकडे, कारण एक दिवस चुकला तर तिला संशय येईल अशी धास्ती. खोटं निभवायला वेळ लागतो. मी तास तास बसायला लागलो. तीही बोलायची. एकदा म्हणाली, “पाणी पार आटलं ना, तरी ते मिठाच्या खड्यात अडकून राहतात रे. वर्षानुवर्षं. कुणी पुन्हा खारं पाणी दिलं की उठतात.” मला कुंडीत टाकलेले पोपडे आठवले. मी मान खाली घालून सफरचंद कापत राहिलो, ते इतकं बारीक झालं की ताई म्हणाली, “अरे, कोशिंबीर करतोयस का?”

आणि मग एक दिवस तिने फोटो मागितला. आता काय? मी निजामपुऱ्याला गेलो, ते पाणी अर्धं ओतून दिलं आणि बरणीत चार चमचे गुलाबाचं सरबत घातलं. फोटो काढला. ताईने चष्मा लावून तो कितीतरी वेळ बघितला. वैशालीही होती तेव्हा. “छान…” ताई म्हणाली, “माझ्या हाताखाली कधी एवढी गुटगुटीत नव्हती हं.” मी घाईघाईने औषधं आणायला खाली पळालो. पुढच्या आठवड्यात, ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी, मी निघताना तिने माझं मनगट धरलं. “माझ्यामागे बरणी तुझी.” मी “हो” म्हणालो. तेवढंच.

दिवसवार झाल्यावर वैशाली आणि मी घर आवरायला गेलो. खिडकीत बरणी होती. भिंतीवरून एक काळी रेघ खाली उतरली होती आणि थेट बरणीच्या तोंडाशी पोचली होती. मुंग्या. वैशाली बघत राहिली. मिठाच्या पाण्याला मुंग्या… मी तिथेच ताईच्या खुर्चीत बसलो आणि सगळं सांगून टाकलं. साबणापासून सरबतापर्यंत. तिने बरणीचं झाकण उघडून उलटं केलं. त्याच्या आतल्या आट्यांमध्ये मिठाचे चार-पाच खडे चिकटून राहिले होते. तेवढे माझ्या साबणातून सुटले होते. वैशालीने ते नखाने सोडवून रुमालात बांधले. आणि बांधता बांधताच म्हणाली,

“ताईंना ठाऊक होतं हो. तुम्ही खाली गेलात तेव्हाच म्हणाल्या, ‘वैशाली, याने माझ्या बरणीत सरबत ओतलंय गं.’ खूप हसल्या. मग डोळे पुसले. मी म्हटलं, येऊ देत वर, चांगला कान धरते त्यांचा. तर म्हणाल्या, ‘नको, बोलू नकोस त्याला. खरं सांगून मोकळा झाला तर पुन्हा रविवारवर जाईल. आत्ता रोज येतोय ने.’”