हात कोणी लावला

आमच्या घरातून बाहेर पडायचं म्हणजे दोनदा पडावं लागे. पहिल्यांदा कुलूप लावून सगळे निघायचो, आणि कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी पोहोचलो की आई थांबायची. "शेगडी बंद केली का म्या?" वडील म्हणायचे, "केली." मी म्हणायचे, "केलीस गं." पण आमच्या दोघांच्या साक्षीला तिच्याकडे काडीची किंमत नव्हती. ती परत जायची, कुलूप काढायची, शेगडीचं बटण चाचपायची, मग सिलिंडरचं, मग बर्नरवर उलटा तळहात धरून बघायची आणि मगच परत यायची. तोवर आम्ही गिरणीच्या धुरळ्यात पांढरे होत उभे. लग्नाला निघालो तरी हेच, दवाखान्यात निघालो तरी हेच. कॉलेजात जायला लागल्यावर मला शिंगं फुटली होती. एकदा मी गिरणीवाल्यासमोरच म्हटलं, "आई, तू शेगडीच काखेत मारून चल ना." गिरणीवाला खो खो हसला. आई हसली नाही, आणि मला तेव्हा तिचं न हसणंही हट्टीपणाच वाटला.

हे कोपरखैरण्यातलं, नव्वद सालानंतरच्या दोन-चार वर्षांतलं. वडील वाशीच्या मार्केटात, दाणाबाजारात, पाठीवर पोती वाहायचे. आम्ही मूळचे मराठवाड्यातले, बौद्ध. नामांतराच्या दंगलीत आमचं घर जाळलं तेव्हा मी पाच वर्षांची होते. भांडण होतं विद्यापीठाच्या नावाचं, आणि घरं जळाली ती आमची, ज्यांना विद्यापीठ कशाशी खातात हेसुद्धा माहीत नव्हतं. त्या दुपारची मला एकच गोष्ट आठवते आणि ती सांगायची लाज वाटते. मला आठवतो तो वास. कणगीतली ज्वारी आगीत फुटत होती आणि लाह्यांचा वास सुटला होता. नागपंचमी जवळ आली होती, गावात घरोघर लाह्या भाजायचे दिवस. ओढ्यापलीकडे बाभळीआड लपलेल्या आईच्या कडेवर बसून मी लाह्या मागितल्या होत्या, असं आई सांगते.

एका संध्याकाळी वडिलांनी जेवताना सांगितलं, आपल्या गावचा एक माणूस टोळीत बदलीवर लागलाय. टोळी म्हणजे पोती वाहणाऱ्यांचा गट. कोणाचा कोण, हे त्यांनी सांगितलं तसा आईचा वाढता हात थांबला.

"आपल्या वस्तीवर आलते त्यांच्यातला?"

"त्यांच्यातलाच."

"आन् तुमी त्याच्यासंगं काम करता?"

"मुकादमानं जोडीला दिलाय," वडील म्हणाले. "पोतं एकट्याच्यानं पाठीवर येत न्हाई. कुनीतरी हात लावावाच लागतो."

हे 'हात लावणं' नंतर माझ्या डोक्यात घोळत राहिलं. त्या माणसाच्या अंगणातल्या वस्तूला माझ्या वडिलांचा लहानपणी चुकून हात लागला, तर तिच्यावर पाणी शिंपडायचे. 'हात लावू नको' हे वाक्य वडील बोलायला शिकण्याआधी ऐकायला शिकले असतील. आणि आता तोच माणूस पाठ वाकवून उभा राहत होता आणि म्हणत होता, जरा हात लावायचा का. मला हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. घर जाळणारा माणूस दिसतो कसा, याची मला इतकी उत्सुकता लागली, की राग यायला सवडच मिळेना. मी वडिलांना रोज पिडायचे. हसतो का? डब्यात काय आणतो? तुमच्याशी काय बोलतो? वडील म्हणायचे, "पोत्याबद्दल बोलतो."

शेवटी मी एक लबाडी केली. वडिलांचा डबा सकाळी पिठाच्या डब्यामागे लपवला आणि अकरा वाजता, विसरलेला डबा पोचवायला म्हणून, मार्केटात हजर झाले. मी मनात भल्यामोठ्या मिशा, लाल डोळे, रुंद छाती असं सगळं तयार ठेवलं होतं. प्रत्यक्षात निघाला एक वाळका माणूस, कान जरा जास्तच बाहेर आलेले, पाठीवर गोणपाट, टाचांना भेगा. मला तर फसवल्यासारखंच झालं. तो वडिलांना म्हणाला, "लेक का?" मग म्हणाला, "जेवून घ्यायचं का?" मग, "पाणी आनायचं का?" अर्धा तास मी तिथे रेंगाळले आणि माझ्या लक्षात आलं, की हा एकदाही वडिलांना 'तू' म्हणत नाही आणि 'तुम्ही'ही म्हणत नाही. गावात 'तू' म्हणायची सवय, इथे वडील टोळीतले जुने, म्हणून 'तू' तोंडातून निघेना. आणि 'तुम्ही' म्हणायला जीभ वळेना. म्हणून बिचारा प्रत्येक वाक्य असं मुरडून बोलत होता, की त्यात समोरचा माणूसच येऊ नये. मला हसू आलं. मग आठवलं, की मीही त्याला काका म्हटलं नव्हतं. मीही वाक्यं मुरडतच बोलले होते.

महिन्याभराने एका रविवारी वडील त्याला घरी घेऊन आले. आईला आधी सांगितलं नव्हतं. तो ओट्यावर चप्पल काढून आत आला आणि दारालगतच बसला. मी विचारलं, चहा? तो म्हणाला, "नको, मला पित्त हाय." मी मनात म्हटलं, हो का, पित्त.

आई शेगडीकडे तोंड करून भाजी निवडत होती. मान न वळवता तिने विचारलं, "आमच्या घराला हात कुनी लावला?"

तो म्हणाला, "म्या न्हाई लावला, वैनी. म्या मागं व्हतो."

आमच्या गावच्या त्या जमावाचं हे एक नवल आहे. त्यात पुढे कोणीच नव्हतं. पुढे कधी कुणीही भेटलं तरी ते मागेच होते. इतके सगळे मागे असताना आमच्या वस्तीपर्यंत आलं कोण, देव जाणे.

तो गेल्यावर मी आईवर चिडले. पंधरा वर्षांपूर्वीचं घर. कोणी जाळलं हे कळून आता काय ते परत उभं राहणार आहे? आईने निवडलेली भाजी बाजूला सारली. मग तिने मला ते सांगितलं, जे मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं.

आरडाओरडा जवळ आला तेव्हा ती भाकरी करत होती. तव्यावर भाकरी होती, चूल पेटलेली होती. ती मला उचलून जी पळाली ती तशीच. चूल विझवायला ती थांबली नाही. नंतर पंचनाम्यात लिहिलं गेलं, की चुलीतली ठिणगी छपराला लागून घर जळालं. गावातले लोकही तेच म्हणायला लागले, कारण त्यांना तेच सोयीचं होतं. आणि माझ्या आजोबांनी ते खरं मानलं. त्यांनी वस्तीतून पळताना चूल पेटलेली पाहिली होती. त्यांना त्याच गावात, त्याच लोकांत उरलेले दिवस काढायचे होते. शेजाऱ्यांनी जाळलं म्हणण्यापेक्षा सुनेच्या हातून जळालं म्हणणं त्यांना झेपत असावं. ते धाकट्या मुलाकडे राहिले आणि मरेपर्यंत त्यांनी आईच्या हातचं खाल्लं नाही.

मला एकदम आठवलं. आजोबा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे पंधरा दिवस होते. रोज कोपऱ्यावरच्या टपरीवरून वडील त्यांना चहा-पाव आणून द्यायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला पाव फार आवडतो. मी शाळेतून येताना त्यांच्यासाठी मुद्दाम ताजा पाव आणायचे आणि आईला कौतुकाने दाखवायचे.

"आन् तुझ्या बापानं बी," आई म्हणाली, "एकदा बी म्हन्लं न्हाई, की तुझी चूल नव्हती म्हनून."

वडील खांद्याला तेल चोळत बसले होते, तिथे जाऊन मी त्यांना सरळ विचारलं, तुम्हाला काय वाटतं, आईच्या चुलीने जळालं? त्यांनी दुसऱ्या खांद्यावर तेल घेतलं. मग म्हणाले, "म्या रानात व्हतो. पाह्यलं न्हाई. जे पाह्यलं न्हाई ते कसं सांगू?" त्या दिवशी मला घर जाळणाऱ्यापेक्षा माझ्या वडिलांचा जास्त राग आला. खोटं तरी बोलायचं. पंधरा वर्षांत एकदा तरी खोटं बोलायचं.

पुढे विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली. आमच्या गल्लीत गुलाल उडाला, आम्ही भिंतीवरच्या तसबिरीला मोठा हार घातला. दुसऱ्या दिवशी वडील टोळीसाठी पेढे घेऊन गेले. सगळ्यांनी घेतले. त्यानेही घेतला. वडिलांनी नंतर सांगितलं, की त्याने पेढा बराच वेळ हातात धरला आणि खाऊन झाल्यावर पोत्यांच्या थप्पीआड जाऊन तो त्यांच्याशी बोलला. काय बोलला ते वडिलांनी आम्हाला सांगितलं नाही. त्यालाच म्हणाले, "मला सांगून काय उपेग? घरी ये."

रविवारी तो आला. या वेळी दारालगत बसला नाही, उभाच राहिला.

"वैनी," तो म्हणाला, "हात म्याच लावला."

आईने हातातलं खाली ठेवलं. मला वाटलं, ती ओरडेल किंवा रडेल. मी दोन्हीसाठी तयार होते. ती मात्र त्याची बारीक चौकशी करायला लागली, जणू हरवलेल्या वस्तूची खूण पटवून घेत होती.

"कशानं लावला?"

"तुमच्याच चुलीतलं लाकूड घेतलं. बाभळीचं, निम्मं जळालेलं."

"म्हंजी माझीच चूल."

"इस्तू तुमचा, वैनी. हात माझा. चूल चुलीतच व्हती, म्या लाकूड घेऊन वळचणीला लावलं."

"तव्यावर काय व्हतं?"

"भाकर व्हती. करपत व्हती. म्या तवा खाली उतरून ठिवला."

मी विचारलं, "कशाला?" मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. घर जाळायला आलेला माणूस तवा का उतरवतो?

"ठाव न्हाई," तो म्हणाला. "भाकर जळू नये वाटलं आसंल."

आईने नंतर सांगितलं, की राख उकरताना तिला तवा चुलीवर नाही, शेजारी जमिनीवर, नीट ठेवलेला सापडला होता. ही गोष्ट तिने सासऱ्यांना सांगितली, पंचनामा करणाऱ्यांना सांगितली, वडिलांना सांगितली. तव्याकडे कोण लक्ष देणार? पंधरा वर्षं ती विचार करत होती, की मीच उतरवला असेन, मग चूल विझवायचं कसं सुचलं नाही? आता तवा उतरवणारा समोर उभा होता.

"माफ करा वैनी," तो म्हणाला.

"माझ्या चुलीला हात लावला, तव्याला लावला," आई म्हणाली. "तव्हा पित्त झालं न्हाई व्हय?"

त्याने मान खाली घातली. मला त्याची दया आली आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला. आई उठली, आधण ठेवलं. चहा कपात ओतून त्याच्या पुढ्यात ठेवला, बस म्हणाली नाही, घे म्हणाली नाही. तो बसला. मी अगदी निर्लज्जपणे त्याच्या ओठांकडे बघत होते. त्याने बशीत ओतून सगळा चहा प्यायला, बशीला ओठ लावून.

कप उचलताना आई म्हणाली, "सासरे गेले. त्यांना आता कोन सांगनार?" मला ते टपरीवरचे पाव आठवले आणि मी मोरीकडे तोंड करून रडले.

निघताना ओट्यावर तो वडिलांना म्हणाला, "तुमी या उद्या सावकाश. म्या थप्पी लावून ठिवतो." 'तुमी' ऐकून मी चपापले. वडिलांच्या ते लक्षात आलं की नाही, माहीत नाही.

मी आईला दोन दिवसांनी विचारलं, "माफ केलंस का त्याला?"

"चहा दिला," ती म्हणाली. "एवढंच हाय माझ्यापाशी."

पुढेही तो अधूनमधून यायचा, चहा प्यायचा, आई त्याच्याशी कामापुरतं बोलायची. याला काय म्हणायचं ते मला आजही नीट सांगता येत नाही. वडिलांना विचारलं होतं, तो तुम्हाला थप्पीआड सगळं बोलला, तेव्हाच तुम्ही घरी येऊन आईला का नाही सांगितलं? ते म्हणाले, "माझ्या तोंडून तिला ते पटलं नसतं. म्या इतके दिवस गप ऱ्हायलो व्हतो ना." त्यांना आपली चूक कळली होती, आणि ती त्यांनी एवढ्या एकाच वाक्यात कबूल केली.

त्याने कबूल केलं त्याच महिन्यात जुईनगरला नात्यातलं बारसं होतं. आम्ही तिघं कुलूप लावून निघालो. गिरणी आली. मी सवयीने थांबले, वडील थांबले, गिरणीवाल्यानेही पट्ट्यामागून मान वर केली. आई चालतच राहिली. चार पावलं पुढे गेल्यावर आम्ही मागे राहिलो हे तिच्या लक्षात आलं.

"आई," मी म्हटलं, "शेगडी?"

"बंद हाय," ती म्हणाली. "माझ्या हातानं केलीय म्या." आणि रिक्षा बघायला रस्त्याकडे वळली. आम्ही दोघं मात्र थोडा वेळ तिथेच, पिठाच्या धुरळ्यात उभे राहिलो.