टेबलावरची गणितवाली बाई

जयंतीच्या दिवशी आमच्या नवघरच्या सोसायटीत टेबल मांडायचा मान माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा. पांढरी चादर, तिच्यावर महापुरुषांच्या तसबिरी, पुढे मेणबत्त्या. कोणती तसबीर मधे, कोणती बाजूला, यात ते कुणाला बोट लावू देत नाहीत. मराठवाडा सोडून जन्म लोटला, पण त्या टेबलापाशी ते अजून गावच्या समाजमंदिरातच उभे असतात.

यंदा त्या टेबलाला हात लावला माझ्या तिसरीतल्या लेकीने.

त्याआधी शिकवणीच्या सरांनी तिला भर वर्गात सांगितलं होतं, "तू ड्रॉइंग कर, मॅथ्स तुझं काम नाही." तेव्हापासून गणिताची वही उघडली की डोळ्यांत पाणी. मी सरांना फोनवर जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. शिकवणीही बंद केली. पण पोरीच्या डोक्यात बसलेलं ते वाक्य काही निघेना. शेवटी मीरा रोडच्या एका दुकानातून एका परदेशी गणिती बाईच्या आयुष्यावरचं चित्रांचं पुस्तक आणलं. खरं सांगते, फार आशा नव्हती. त्या बाईलाही लहानपणी मास्तरांनी हसून मागच्या बाकावर धाडलं होतं. त्या पानावर माझी लेक अडकली. पुस्तक उशाशी घेऊन झोपायला लागली, गणिताला मात्र शिवेना. त्या बाईला जमलं, आपल्याला जमणार नाही, असं तिनं ठरवूनच टाकलेलं.

जयंतीच्या सकाळी ती पुस्तक कवटाळून खाली आली. "आबा, हिला पण ठेवा ना टेबलवर."

आबांनी चष्मा पुसून चित्र पाहिलं. "हितं वळखीची माणसं असत्यात, बाळा. हिला कोण वळखतंय?"

"मग मी सांगते ना सगळ्यांना!"

मला वाटलं, झालं, आता रडारड. पण आबांनी एक तसबीर जराशी सरकवली आणि पुस्तक तांब्याला टेकवून उघडं उभं केलं. मी आयुष्यभर विनवूनही त्यांनी माझ्यासाठी उदबत्तीचं घर हलवलं नव्हतं!

संध्याकाळी लेक स्टेजवर माइकपुढे उभी राहिली. अध्यक्ष, गुरुजन वगैरे सगळं विसरली. "ही मॅथ्स करते. तिचे सर तिला बोलले, गर्ल्सना नाय जमत. ती घरी जाऊन खूप रडली. मग परत करत बसली. बस, एवढंच."

टाळ्या पडल्या. इतर तसबिरींना हार घालून झालेच होते. आबा सवयीने एक झेंडूचा हार उचलून पुस्तकाकडे निघाले.

"आबा, हार नको!" लेक माइकमध्येच किंचाळली. "ती जिवंत आहे! अजून शिकवते ती!"

सगळं आवार हसायला लागलं. शेजारच्या गुजराती काकी ओरडल्या, "अंकल, उसको तो छोड दो!" आबांचे कान लाल झाले. हातात हार, आणि तो परत ताटात ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसेना. पण जिवंत माणसाच्या तसबिरीला नाही, गळ्यात हार घालतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते स्टेजवर चढले आणि त्यांनी तो लेकीच्या गळ्यात घातला. हार तिच्या गुडघ्यांपर्यंत आला.

ती गोंधळली. माइक तोंडापुढेच राहिला होता, म्हणून तिचं बारीक आवाजातलं बोलणं सगळ्या सोसायटीने ऐकलं. "पण आबा, मला भागाकार नाही येत."

हसणं थांबलं. आता कुणी काही बोललं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

आबा तिच्याएवढे खाली वाकले. "मला बी न्हाई येत," ते माइकमध्येच म्हणाले. "उद्या सकाळी बसू दोघं."

लेकीने हार सावरला.

"उद्या कशाला?" ती म्हणाली. "जेवण झालं की बसू."