सुटा पाळणा

आधी माफी मागतो. मी विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लेख कसा लिहितात हे कुणाला विचारावं तर घरात तसं कुणी नाही. शिवाय लोक लिहितात ते थोरामोठ्यांवर. मला लिहायचं आहे टीव्हीवर दिसणाऱ्या एका सुतारावर, ज्यांना मी कधी भेटलेलो नाही. कार्यक्रमाच्या शेवटी त्यांचं नाव यायचं, पण तोवर आईने जेवायला वाढलेलं असायचं आणि टीव्ही बंद व्हायचा. आम्ही त्यांना नुसतं ‘मिस्त्री’ म्हणायचो. त्यांचे आभार कुणीतरी मानायला हवेत असं मला गेले काही महिने वाटतं आहे. मी योग्य माणूस नसेन, पण दुसरं कुणी मानताना दिसत नाही.

आम्ही कोपरखैरण्यात राहतो. वडील तळोज्याला रसायनांच्या कारखान्यात पिंपं भरण्याच्या खात्यात आहेत. रविवार त्यांच्या सुट्टीचा. केबल आम्ही घेतलेली नव्हती, त्यामुळे रविवारी जे लागेल ते पाहायचो, आणि दुपारच्या जेवणाआधी मिस्त्री लागायचे. पाट, चौरंग, भांड्यांची मांडणी, कपड्यांची पेटी अशा जुन्या घरातल्या वस्तू ते करून दाखवायचे.

स्वयंपाकाच्या कार्यक्रमात बाई एक भांडं गॅसवर चढवतात आणि ओट्याखालून दुसरं, शिजलेलं, वर काढतात. मिस्त्रींचं तसं नव्हतं. त्यांचा चौरंग तीन-तीन रविवार चालायचा. ते फार बोलायचे नाहीत. फळी डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटायचे, आणि कॅमेरावाला पुढे आला की म्हणायचे, “बाळा, उजेडातून बाजूला हो.” ते वाक्य कुणी कापून टाकत नसे, याचं मला फार बरं वाटायचं.

खिळा त्यांनी कधी वापरला नाही. एका लाकडाला जीभ काढायची, दुसऱ्याला खाच, आणि जीभ खाचेत सरकवायची. बसली की वाटायचं, झालं. तेवढ्यात मिस्त्री म्हणायचे, “आता सोडवू या.” आणि सगळं पुन्हा सुटं करायचे.

“अहो मिस्त्री, बसलंय ना मस्त! कशाला सोडवता?” वडील टीव्हीकडे हात करून म्हणायचे.

“जोरात बोला, त्यांना ऐकू नाही गेलं,” आई आतून म्हणायची.

यामागचं कारण मिस्त्रींनी एकदा सांगितलं. पूर्वी सामान बैलगाडीतून जायचं, माणसांच्या डोक्यावरून जायचं. सुटं होत नाही ते सामान घराबाहेर पडत नाही. वडिलांना हे एकदम पटलं, कारण आम्ही आधीची खोली सोडली तेव्हा आमचा खिळे ठोकलेला पलंग दारातून निघेना, शेवटी तो करवतीने दोन तुकडे करून काढावा लागला होता. त्या दिवसापासून ते मिस्त्रींना ‘अहो’ म्हणायचं सोडून ‘आमचे मिस्त्री’ म्हणू लागले.

मग मिस्त्रींनी पाळणा करायला घेतला.

इथे मला ताईबद्दल सांगावं लागेल. ती माझी मोठी बहीण. तिचं पहिलं बाळ राहिलं नाही. त्या वेळी आईने दुपटी, टोपरी, सगळं आधीच शिवून ठेवलं होतं, बाजारातून पाळणाही आणून ठेवला होता. नंतर तो कुणालातरी देऊन टाकावा लागला. तो देताना आई दारात आली नाही. आता ताई पुन्हा बाळंतपणासाठी माहेरी यायची होती आणि आईने सांगून टाकलं होतं की या वेळी बाळाआधी घरात काही येणार नाही, चिंधीसुद्धा नाही.  आई रात्रंदिवस कशाला घाबरली आहे हे मला आणि वडिलांना ठाऊक होतं, आणि वडीलही तितकेच घाबरलेले होते. फक्त त्यांना हाताला काहीतरी काम हवं होतं.

पाळण्याचा पहिला भाग संपला तसे वडील म्हणाले, “मी करू म्हणतो एक.”

“काय?”

“पाळणा.”

“बाळाआधी पाळणा नको. रिकामा पाळणा घरात नको.”

“पाळणा नाही गं. लाकडं. मिस्त्री सोडवतात ना, तसा सुटाच ठेवायचा. सुटी लाकडं म्हणजे पाळणा का?”

आईने थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, “तुम्ही एकदा तरी जोडून बघालच. मला माहीत नाही का तुम्ही?”

“नाही बघणार.”

“मग सगळी लाकडं एका छपराखाली ठेवायची नाहीत.”

हे आम्ही हसण्यावारी नेलं नाही. आईने स्वतः वाटणी केली. खांब घरात, आडवे दांडे शेजाऱ्यांकडे, तळाच्या फळ्या वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात आणि बाजूचे बारीक गज जवळच्या बोनकोडे गावातल्या काकूंकडे. पाळणा होता, पण कुठेच नव्हता.

लाकूडही या काकूंचंच. त्या आमच्याकडे मासळी घेऊन यायच्या. त्यांचं जुनं घर पाडून स्लॅबचं घर उभं राहत होतं. “चौकट सागाची हाय, न्या तुमी,” त्या वडिलांना म्हणाल्या. “आमचे पोरांना आता लोखंडाच्या ग्रिला पायजेत.” त्यांच्याच अंगणात वडील रविवारी दुपारी आणि पहिल्या पाळीवरून आल्यावर काम करायचे. अंगणात बसलेल्या काकू विचारायच्या, “काय र, तुझा बापूस सुतार कवा झाला?” मी म्हणायचो, “टीव्ही बघून.” त्यांना ते खोटं वाटायचं.

मिस्त्री प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना पटाशीने रेघा पाडायचे, एकाला एक रेघ, दुसऱ्याला दोन, म्हणजे कुणाचा जोडीदार कोण ते कळतं. बाळाच्या पाळण्यावर चरे नकोत म्हणून वडिलांनी खडूने आकडे टाकले, कारखान्यात पिंपांवर टाकतात तसे. मलाही ते जास्त नीटनेटकं वाटलं.

पाळण्याचा शेवटचा भाग, म्हणजे सगळं कोणत्या क्रमाने जोडायचं तो, आम्हाला पाहायला मिळाला नाही. त्या रविवारी क्रिकेटचा सामना होता. पुढच्या रविवारी मिस्त्रींच्या जागी बागकामाचा कार्यक्रम लागला, त्याच्या पुढच्याही. वडील कुंड्या पाहत बसले. “सामान सुटं करून गेले बघ आमचे मिस्त्री,” एवढंच म्हणाले.

ताई आली. दिवस भरत आले. एका सकाळी आई तिला रिक्षातून वाशीच्या हॉस्पिटलात घेऊन गेली. आम्हाला घरीच थांबायला सांगितलं, पुरुषांना तिथे आत बसू देत नाहीत. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन आहे, त्यावर कळवीन म्हणाली.

वडिलांनी सुट्टी टाकली होती. त्यांनी चहा केला आणि प्यायले नाहीत. केर काढला. पुन्हा केर काढला. मग म्हणाले, “चल, लाकडं आणू.”

“आणि आई?”

“फळ्या नाही आणायच्या. तळ नसला तर पाळणा कसला?”

मी निघालो. शेजारी आमच्या दांड्यांवर मच्छरदाणी ताणलेली होती, ती सोडवून घेतली. बोनकोड्याला गेलो, तर काकू गज डोक्यावर घेऊन स्वतःच माझ्याबरोबर आल्या. गज आरशासारखे चमकत होते.

“सुकलंवतं लाकूड. तेल लावला चोलून चोलून,” त्या कौतुकाने म्हणाल्या.

खडूचा एकही आकडा राहिला नव्हता.

वडील एकेक गज उलटून पाहू लागले. काकूंना काय झालं ते कळेना. मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मं? टीवीवाल्याला इचार!” आणि आम्ही तिघंही हसलो. त्या दिवशीचं ते पहिलं हसू.

सगळे गज दिसायला सारखे, पण हाताने केलेले, त्यामुळे एकही दुसऱ्यासारखा नव्हता. वडिलांनी हातोडी उचलली. मला मिस्त्रींचं एक बोलणं आठवलं आणि मी भीत भीत म्हणालो, “बाबा, हातोडी लागली तर तो जोडीदार नाही म्हणाले होते.” मी वडिलांना काही शिकवायला जावं असं मला वाटत नाही, पण त्यांनी हातोडी लगेच खाली ठेवली. मग एकेक गज एकेका खाचेत लावून पाहणं सुरू झालं. हलक्या हाताने गेला तर ठेवायचा, नाहीतर पुढची खाच. काकू अडलेले गज बाजूला काढून देत होत्या आणि त्यांना शिव्या देत होत्या, गजांना. वरचे आणि खालचे दांडे आधी खांबांत बसवले तर गज शिरेनात. सगळं काढलं. मिस्त्री एक दांडा जमिनीवर आडवा ठेवून त्यात सगळे गज उभे करायचे आणि वरून दुसरा दांडा टोपणासारखा बसवायचे, असं त्यांनी भांड्यांची मांडणी केली तेव्हा पाहिलं होतं. तसं केलं. या कामात कुणी घड्याळ पाहिलं नाही, आणि फोनचा विषयही निघाला नाही. मला वाटतं, मिस्त्रींनी आम्हाला दिलेली सगळ्यांत मोठी वस्तू ती दुपार होती.

शेवटी तो उभा राहिला, चार खांबांवर, तळाशिवाय. आत फक्त आमच्या घराची फरशी दिसत होती.

“जरासा वाकरा हाय,” काकू म्हणाल्या.

“आहे,” वडील आनंदाने म्हणाले. त्यांनी वरच्या दांड्यावरून तळवा फिरवला, पण रिकामा हलवू नये म्हणून हलवला मात्र नाही. मग त्यांनी पटाशी घेतली आणि प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना रेघा पाडल्या. एक रेघ, दोन रेघा. आणि मला म्हणाले, “धर. सोडवू या.”

आम्ही वरचे दांडे काढले होते आणि गज एकेक करून निघत होते, तेवढ्यात किराणा दुकानदार स्वतः दारात आला, गल्ला सोडून.

“भाऊ, चला लवकर, वहिनींचा फोन आहे. कधीपासून लावतायत म्हणे. माझी पोरगी मैत्रिणीशी बोलत बसली होती, काय सांगू तुम्हाला.”

वडील चप्पल न घालताच निघाले. मी मागे धावलो. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती, ती बाजूला झाली. वडिलांनी रिसीव्हर कानाला लावला आणि नुसते “हं” म्हणाले. पुन्हा “हं”. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. मग त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि साखरेच्या पोत्यावर बसले.

“ऐकतोयस ना?” आई ओरडून बोलत होती, लांबचा फोन असल्यासारखी. “मुलगी झाली. ताई बरी आहे. बाळ बरं आहे. दोघी जाग्या आहेत.”