अप्पांचा उलटा त्रिकोण

नागपूरहून दादाचा फोन आला, तेव्हा मी इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत, माझ्या मुलीच्या, इराच्या, शाळेबाहेर गाडीत बसले होते. "अप्पा गेले गं," एवढंच तो म्हणाला. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय यावं? आपण त्यांना शिकवायला बंदी केली होती, ती उठवायची राहूनच गेली...

अप्पा, माझे वडील, जन्मभर शाळेत भूमिती शिकवत आले. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे आले तेही नातीला शिकवायच्या हौसेनं. दोन त्रिकोण एकरूप आहेत हे दाखवायचं तर त्यांचा मंत्र एकच, बाकोबा! बाजू, कोन, बाजू जुळले की काम फत्ते. इराच्या शाळेत मात्र एक त्रिकोण सरकवून, फिरवून किंवा उलटवून दुसऱ्यावर तंतोतंत बसवून दाखवायचा असतो. तिनं आजोबांच्या पद्धतीनं गृहपाठ केला, मार्क गेले आणि मी तडकले. "अप्पा, इथे हे चालत नाही. प्लीज, तिला कन्फ्यूज करू नका." "बरं," म्हणाले, चष्मा काढून खिशात ठेवला. मला अगदी सुटल्यासारखं वाटलं.

परवा इरा सहज बोलून गेली, "आई, यू नो, आजोबांना फ्लिप अजिबात जमायचं नाही. आय टॉट हिम." मी ऑफिसातून येईपर्यंत दोघांचा वर्ग चालायचा म्हणे. सरकवणं, फिरवणं अप्पांना पटलं. उलटवलेला त्रिकोण तोच कसा, यावर अडून बसले. शेवटी बटर पेपरवर त्रिकोण काढून तो स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटवला आणि बाहेर जाऊन बघितला. "ही वॉज सो हॅपी! काच वाजवून ओरडले, उलटा दिसतोय, पण तोच आहे!"

तो दिवस मला चांगला आठवतो. बर्फात नुसत्या चपलांवर उभे असलेले अप्पा, आणि गाडीतून उतरता उतरता मी शेजाऱ्यांसमोर त्यांच्यावर खेकसले होते, "लहान आहात का तुम्ही?" ते हसत काहीतरी सांगायला पुढे आले होते. मी ऐकून घेतलं नाही, दंडाला धरून आत नेलं...

"मला का नाही सांगितलंस?" मी इराला विचारलं.

"आजोबा म्हणाले, आधी मला नीट येऊ दे. देन आई विल गिव्ह परमिशन."

माझ्या बापाला माझी परवानगी हवी होती. ती मिळवायला तो नातीकडे शिकत होता.

तो बटर पेपर अजून खिडकीला आहे. भांडी घासताना रोज समोर येतो. आतून मला त्रिकोण सरळच दिसतो. बाहेर जाऊन, अप्पा उभे होते तिथून तो बघायचं धाडस मला अजून झालेलं नाही.